फोटोच्या पाठीवर

जालना रोडवर शेंद्र्याच्या फाट्याला उतरा आणि एकेक गोष्ट पुसायला लागा. आधी ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचा ऑरिक हॉल पुसा, २०१९ च्या सप्टेंबरात उद्घाटन झालेला. मग ऑरिकचे रुंद रस्ते आणि त्यांच्या खांबांवरचे कॅमेरे. मग २००१ पासून गाड्या जोडणारा स्कोडाचा कारखाना, त्याच्या भोवतालची अख्खी एमआयडीसी, शिफ्ट सुटल्यावर भरून जाणाऱ्या बस, चहाच्या टपऱ्या. जालना जिल्हाही पुसा. तो १ मे १९८१ ला होणार आहे. तोवर जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. औरंगाबाद शहराचं आजचं नावही थोडा वेळ बाजूला ठेवा. रस्ता अरुंद होऊ द्या, कडेला कडुनिंब आणि बाभळी येऊ द्या, मनमाड-काचीगुडा मीटरगेजवरून कोळशाचं इंजिन धूर सोडत जाऊ द्या. रानं रिकामी आहेत, ढेकळं तापलीत. १९७६ चा एप्रिल. चैत्र.

लाल एसटीतून तुम्ही उतरता. गळ्यात यशिका आहे, दोन भिंगांची, छातीशी धरून वरून बघायची. खांद्यावरच्या झोळीत ऑर्वोचे तीन रोल, प्रत्येकात बारा फोटो. रोल मिळत नाहीत. पूर्व जर्मनीतून येणारी ऑर्वो आणि उटीच्या सरकारी कारखान्याची इंदू, एवढ्यावर देशभरातले फोटोग्राफर भागवतात. त्यामुळे बटण दाबण्याआधी तुमचं बोट दोनदा विचार करतं. अलीकडे ते तीनदा विचार करतं, पण तिसऱ्यांदाचं कारण फिल्मची टंचाई नाही.

औरंगाबादेत गुलमंडीच्या एका बोळात तुमचा स्टुडिओ आहे. पाटीवर पासपोर्ट, लग्न, अर्जंट असं सगळं रंगवलेलं. पोट त्यावर चालतं, जीव मात्र सलोनमध्ये अडकलेला. सलोन म्हणजे कलात्मक फोटोंची स्पर्धा-प्रदर्शनं. मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि तिच्यासारख्या मंडळांमुळे हे वेड लहान शहरांपर्यंत पोचलं. बारा बाय पंधरा इंची प्रिंट काढायची, पुठ्ठ्यात बांधून पार्सल करायची, पाठीवर नाव आणि शीर्षक लिहायचं. शीर्षक एका शब्दाचं असलं की बरं दिसतं. 'श्रम', 'सांज', 'परतीची वाट'. तुम्हाला मी नाव देत नाही, कारण तुम्ही कुणी एक नाही. हा फोटोग्राफर, त्याची जत्रा आणि तिथली माणसं मी रचली आहेत. भोवतालचं सरकार, कायदे, धरण आणि कोर्टाचे निकाल मी रचलेले नाहीत.

चला, जत्रेत शिरू.

शेंद्र्याचा मांगीरबाबा नवसाला पावतो अशी पंचक्रोशीची श्रद्धा. चैत्रात इथे माणसांचा पूर येतो. बैलगाड्या सोडलेल्या, तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, बोकडांचे आवाज, गुलाल, धुरळा. नवस फेडायला आलेले काही जण पाठीत लोखंडी गळ टोचून घेतात. पहिल्यांदा हे बघणाऱ्याची नजर वळते. तुमची वळत नाही; तुम्ही मान खाली घालून यशिकाच्या काचेत बघता. या कॅमेऱ्याची ही गंमत आहे. डोळ्याला लावावा लागत नाही. मान खाली असते, समोरच्याला वाटतं माणूस काहीतरी चाचपतोय. शिवाय काचेवरचं चित्र उलटं पडतं, डावीकडचं उजवीकडे. उजव्या हाताचा माणूस काचेत डावीकडे दिसतो; तुमची नजर एकीकडे आणि अंग दुसरीकडे वळतं, आणि बघणाऱ्याचा आणखी गोंधळ होतो.

"काय काढायले हो?" पाठीमागून हवालदार.

"देवाचे फोटो, साहेब."

"काढा की. देवाचे काढा, माणसाचे काढा. तिकडं जीपकडं नका जाऊ, एवढंच."

त्यानं सांगितलं नसतं तर कदाचित तुम्ही गेलाही नसता.

जीप आरोग्य खात्याची. मागे बांबूला बांधलेला पिवळा फलक, त्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, शिबिराची तारीख. याच महिन्यात, १६ एप्रिलला, केंद्र सरकारनं राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलंय. मुंबईत तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक येऊ घातलंय. ते विधिमंडळात मंजूरही होईल, राष्ट्रपतींची संमती मात्र त्याला कधी मिळणार नाही. हे तुम्हाला आज माहीत नाही. तुम्हाला एवढंच माहीत आहे की शाळामास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळे 'केस' शोधत हिंडताहेत. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला, किंवा केलेला, माणूस. कोटा भरला नाही की पगार अडतो. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला जानेवारीत माणसं रस्त्यावरून उचलून गाड्यांत घातली, असं कुणीतरी एसटी स्टँडवर हलक्या आवाजात सांगितलं होतं. ज्यानं सांगितलं त्यानंच पुढे बजावलं, "हे मी बोललो असं कुठं म्हणू नका."

तुम्ही जीपच्या बाजूला पाठ करता, रसवंतीच्या घुंगरांकडे तोंड. दोन पावलं मागे, मग हळूच अर्धं वळण. काचेत चित्र येतं.

एका बाजूला एक बाई उभी. तिच्या हातात दावं, दाव्याला नवसाचं बोकड. दुसऱ्या बाजूला जीपच्या पायरीवर तिचा नवरा बसलेला, आणि त्याचं मनगट एका मास्तरांच्या मुठीत. मास्तर रागावलेले नाहीत. ते घाबरलेले आहेत. बाई नवऱ्याकडे बघत नाही, मास्तरांकडेही नाही. ती बोकडाकडे बघतेय. मागे पिवळा फलक.

एकच फ्रेम. शटरचा आवाज या कॅमेऱ्यात एवढासाच होतो. तुम्ही रसवंतीवर जाऊन ग्लासभर रस पिता, आणि पहिल्या घोटाला कळतं की हात थरथरतोय.

रात्री गुलमंडीच्या स्टुडिओत आतली खोली बंद करा, लाल बल्ब लावा. रोल धुऊन झालाय, दोरीवर वाळतोय. ती फ्रेम सातवी. निगेटिव्हवर सगळं उलट्या रंगात: बोकड पांढरं, बाईचं लुगडं फिकट, फलक गडद. खरं तर हा फोटो उद्या सकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीत न्यायला हवा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही तेच केलं असतं. १९७२ च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडणाऱ्या बायकांचे, सुकडीच्या रांगांचे, लाल मिलोच्या भाकरीचे फोटो काढले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. कुणी तुम्हाला अडवलं नाही. उलट सरकारी बाबूंनीच जीपमध्ये बसवून कामं दाखवली होती. तेव्हाची चौकट मोकळी होती, हे तुम्हाला आत्ता, ती आवळल्यावर, कळतंय.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि पाठोपाठ सेन्सॉरशिप आली. बातमी, लेख, अफवा, व्यंगचित्र, फोटो, सगळं आधी दाखवायचं, मग छापायचं. दिल्लीत वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली. २८ जूनला इंडियन एक्सप्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. तर सेन्सॉरनं कोरी जागा सोडायलाही बंदी केली. रिकामेपणावर बंदी घालणारं सरकार किती बारकाईनं वाचत असेल, असं आपल्याला वाटतं. ते तसं वाचत नव्हतं. ते शब्द बारकाईनं वाचत होतं, चित्राकडे नुसतं बघत होतं.

दिल्लीत 'स्टेट्समन'च्या रघु राय यांनी चांदनी चौकात एक फोटो काढला. एक माणूस सायकल ढकलत चाललाय, सायकलवर मुलं, आणि भोवती पोलिस. खाली छापलेल्या ओळीचा मतलब असा की चांदनी चौकातलं जीवन सुरळीत चालू आहे. सेन्सॉरनं ओळ वाचली आणि फोटो सोडला. सकाळी वाचकांनी मात्र ओळ सोडली आणि फोटो वाचला. अबू अब्राहम यांचं टबात बसून वटहुकमावर सही करणाऱ्या राष्ट्रपतींचं व्यंगचित्रही त्याच वर्षीच्या डिसेंबरात छापून आलं. चित्राची भाषा न येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात चित्राचं फाटक होतं.

औरंगाबादला ही युक्ती नवी नव्हती. तुमच्या वडिलांनी निजामाचं राज्य पाहिलेलं. गश्ती ५३ चा हुकूम असा होता की परवानगीशिवाय सभा भरवता येत नसे. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली की तेच साप्ताहिक दुसऱ्या नावानं निघायचं, त्यावर बंदी आली की तिसऱ्या. अंक तोच, माणसं तीच, माथ्यावरचं नाव तेवढं नवं. आता त्याच 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात आहेत, निजामाच्या नव्हे, आपल्या. वडील जेवताना एवढंच म्हणतात, "नाव बदल आणि काम चालू ठेव."

वडिलांचा सल्ला लाख मोलाचा, पण तो वर्तमानपत्रासाठी होता. फोटोला नाव बदलून चालतं का, हे त्यांनी सांगितलं नाही.

तुम्ही तसं करून पाहिलेलं आहेच, दोनच महिन्यांपूर्वी. २४ फेब्रुवारीला पैठणला जायकवाडीच्या धरणाचं लोकार्पण झालं, इंदिरा गांधींच्या हस्ते. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली पायाभरणी केलेलं ते काम, जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री, मराठवाड्याचेच, पाण्याचा ध्यास घेतलेला माणूस. त्या दिवशीचा आनंद खोटा नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. मराठवाड्याला पाणी हवंच होतं. व्यासपीठाचे फोटो काढायला मुंबईहून माणसं आली होती. तुम्ही मात्र भिंतीपासून लांब, पाण्याच्या कडेला गेलात. बुडालेल्या गावातून उठलेला एक म्हातारा बैलगाडीवर घराच्या चौकटी, दारं, कड्या लादून उभा होता. गाडीवर दार होतं, दारामागे पाणी होतं. तुम्ही फोटो काढला आणि सलोनला पाठवताना पाठीवर लिहिलं, 'प्रवास'.

फोटो निवडला गेला. परीक्षकांना पाण्यावरचा मऊ उजेड आवडला.

तेव्हा तुम्हाला थोडा आनंदच झाला. सगळ्यांच्या देखत एक दार पाण्यापुढे उभं केलं आणि कुणालाही ते दिसलं नाही. यात विजय कुणाचा, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला नाहीत. मला विचाराल तर सलोनच्या धूसर, सुंदर फोटोंचं सरकारला मुळीच वावडं नव्हतं. धुक्यातली बैलगाडी, सुरकुतलेला हसरा म्हातारा, कष्टाळू हात: भिंतींवर 'बातें कम, काम ज्यादा' रंगवणाऱ्या राजवटीला याहून सोयीचं काय असणार? गाव नाही, तारीख नाही, कुणी काय केलं ते नाही. नुसता 'श्रम'. कलेच्या आडोशाला उभं राहिलं की ऊन लागत नाही, आणि आडोसा कुणी बांधलाय हे विचारायचं कारणही उरत नाही.

लाल बल्बखाली परत या. एन्लार्जरमध्ये सातवी फ्रेम घाला. बोर्डावर चित्र पडतं: बाई, दावं, बोकड, मनगट, जीप, फलक. बारा सेकंदांची चाचणी पट्टी काढा. मेटॉल-हायड्रोक्विनोनच्या ट्रेमध्ये कागद हलवत राहा. आधी बोकडाचे डोळे येतात, मग दाव्याची वळी, मग मास्तरांची बोटं. शेवटी फलक, आणि त्यावरचा मजकूर, वाचता येईल इतका स्पष्ट. भिंग चांगलं आहे यशिकाचं. आत्ता ते तसं नसतं तर बरं झालं असतं.

हा फोटो वर्तमानपत्रात जाणार नाही. एक स्नेही उपसंपादक आहे, त्याला दुपारी नुसतं विचारलं होतं, "जत्रेचे फोटो चालतील?" तो म्हणाला, "बोकडाचे चालतील. जीपचे नकोत. जीप असेल तर मला दाखवूसुद्धा नकोस." त्याच्या टेबलावर परत आलेली प्रुफं पडली होती, निळ्या पेन्सिलीनं आडवी कापलेली. मुंबईत मिनू मसानींनी 'फ्रीडम फर्स्ट'साठी सेन्सॉरविरुद्ध खटला लढवला आणि १० फेब्रुवारीला उच्च न्यायालयात तो जिंकलासुद्धा. सगळ्या नियतकालिकांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं न्यायमूर्तींनी बजावलं. पण मसानींकडे वकील होते आणि ते स्वतः मसानी होते. गुलमंडीतल्या स्टुडिओवाल्यानं कोर्टात जायचं म्हणजे आधी दुकानाला कुलूप लावायचं. आणि त्या निकालाची बातमी तरी किती जणांनी छापली असती? कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात डिसेंबरात दुर्गाबाई भागवत यशवंतराव चव्हाणांच्या समोर आणीबाणीविरुद्ध बोलल्या, हेदेखील तुम्हाला कुणाच्या तरी तोंडून कळलं.

मग तुम्ही जे करता ते तुमच्या हातांना वर्षानुवर्षं येतं. नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवायचे, नवरदेवाचं तिरळं दिसणं सावलीत लपवायचं, ही तुमची रोजची कामं. कागदाला नेहमीचे बारा सेकंद द्या. आता पुठ्ठ्याला भोक पाडा, त्यातून फक्त वरच्या कोपऱ्यावर, फलकावर, उजेड पडू द्या. फलक पिवळा होता, म्हणून निगेटिव्हवर दाट. तो काळा व्हायला वेळ लागतो. वीस सेकंद. चाळीस. साठ. पुठ्ठा हलता ठेवा, नाहीतर कडा दिसेल. मग जीपच्या नंबरप्लेटवर तीस. कागद ट्रेमध्ये टाका.

फलक गेला. तिथे आता संध्याकाळचं आभाळ उतरल्यासारखा मऊ काळोख आहे. नंबरप्लेट सावलीत बुडाली. उरली बाई, बोकड, बसलेला पुरुष, आणि त्याचं मनगट धरणारा कुणी स्नेही. फोटो आधीपेक्षा चांगला झालाय. हे सगळ्यात वाईट. मांडणी घट्ट झाली, नजर दाव्यावरून मनगटाकडे सरळ जाते, मागचा पसारा उरला नाही. कुठलाही परीक्षक हेच सुचवेल. कात्री लावण्याचं कारण भीती होतं की कला होती, हे तुम्हाला स्वतःलाही सांगता येऊ नये इतकी ती सफाईनं लागली.

प्रिंट हायपोत टाका. पाठीवर शीर्षक लिहा. 'नवस'.

निगेटिव्हच्या कागदी पाकिटावरही तुम्ही गाव लिहीत नाही, महिना लिहीत नाही. कुणी येऊन खोकी उघडलीच तर? 'जत्रा-३' एवढंच लिहिता. जायकवाडीच्या पाकिटावर 'पाणी-२' आहे. हळूहळू सगळ्या खोक्यांवर अशीच नावं येतात. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालय चारास एक मतांनी सांगतं की आणीबाणीत अटकेविरुद्ध नागरिकाला कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. त्यानंतर तुम्ही जुनी पाकिटंसुद्धा काढून खाडाखोड करता. मे महिन्यात किशोरकुमारची गाणी रेडिओवरून गायब होतात, काँग्रेसच्या कार्यक्रमाला गायला नकार दिला म्हणून. रेडिओवर तो नाही हे कळायला चार-पाच दिवस गेले. गायब झालेली गोष्ट लगेच लक्षात येत नाही, विशेषतः तिच्या जागी दुसरं काहीतरी वाजत असेल तर.

'नवस' एका सलोनमध्ये लागतो. प्रशस्तिपत्र येतं. स्टुडिओच्या काचेत तुम्ही प्रिंट लावता. पासपोर्ट काढायला येणारे लोक बघतात आणि म्हणतात, बोकड काय जिवंत आलंय!

पुढचे महिने भरभर जाऊ द्या. त्यात तुम्ही लग्नं आणि ओळखपत्रं काढलीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर होतात. वर्तमानपत्रांना एकदम आवाज फुटतो. पु. ल. देशपांडे भाषणं करत फिरतात, सभांना मैदानं अपुरी पडतात. मार्चमध्ये औरंगाबादेतून जनता पक्षाचे बापू काळदाते निवडून येतात, आणि २१ मार्चला आणीबाणी उठते. तुम्ही सभांचे फोटो काढता, भरपूर, बोट एकदाही विचार करत नाही. स्नेही उपसंपादक सगळे घेतो. त्यातला एकही चांगला नाही, हे तुमचं तुम्हाला माहीत आहे.

२८ मे ला न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला जातो. आणीबाणीत काय-काय झालं त्याच्या तक्रारी लोकांनी कराव्यात, पुरावे द्यावेत. पुढे त्यांच्याकडे हजारोंनी तक्रारी जातील. तुम्ही उत्साहानं काचेतली प्रिंट काढता, टेबलाशी बसता आणि अर्ज लिहायला घेता.

काय घडलं? ते लिहिता येतं. कुठे? शेंद्रा, ते आठवतं. कधी? चैत्रात, जत्रेत, पण जत्रेला तर तुम्ही दरवर्षी जाता. हे चौऱ्याहत्तरचं नाही कशावरून? प्रिंटकडे बघा. एक बाई, एक बोकड, एक बसलेला माणूस. जबरदस्ती कुठे आहे? स्नेह्यानं हात धरलाय. उन्हाची तिरीप आलेला माणूस टेकला असेल. पाठीवर तुमच्याच अक्षरात 'नवस' आहे. पाकिटावर तुमच्याच अक्षरात 'जत्रा-३' आहे. सेन्सॉरच्या हाती हा फोटो कधी गेलाच नव्हता. त्याच्यापासून फोटो वाचवला हे खरं; आता तो कुणाला काही सांगायलाही तयार नाही.

खोकी काढा. 'पाणी-२' उजेडाला धरा: म्हातारा कुठल्या गावचा होता? तुम्ही विचारलं होतं, त्यानं सांगितलंही होतं. ते आता गोदावरीच्या पाण्याखाली आहे आणि तुमच्या डोक्यातूनही गेलंय. दुष्काळातली पाकिटं मात्र धडधडीत बोलतात: फुलंब्री रस्ता, करमाड, खडीकेंद्र, महिना, साल. ज्या काळात काही लपवायचं नव्हतं, तेव्हा तुम्ही सगळं लिहून ठेवलं होतं.

सातवी फ्रेम पुन्हा एन्लार्जरमध्ये घाला. या वेळी पुठ्ठा नको. बारा सेकंद, सरळ. फलक उगवतो, जरा भगभगीत, चित्राचा तोल बिघडवणारा. भिंग लावून वाचा. लाल त्रिकोण, त्याखाली शिबिराची तारीख. महिन्यावर मास्तरांचं डोकं आलंय, पण आकडा आणि '७६' शिल्लक आहेत. जीपचा नंबर अर्धा. कलेच्या दृष्टीनं ही प्रिंट सामान्य आहे. सलोनमध्ये पहिल्या फेरीत बाद होईल.

ती वाळवून, पुठ्ठ्यात घालून, जूनच्या पहिल्या पावसानंतर तुम्ही शेंद्र्याला जाता. जत्रेचं मैदान आता ओलं रान आहे. लोक फोटो हातोहात फिरवतात. माणूस कोण यावर दोन घरांत वाद होतो, पण बाईबद्दल कुणाला शंका नाही. तिचं घर दाखवतात.

ती पदराला हात पुसते, फोटो लांब धरते, मग जवळ. नवरा चिकलठाण्याला कंपनीत कामाला गेलाय, संध्याकाळी येईल. "ह्यो आमचा बोकड," ती आधी म्हणते. मग बराच वेळ काही बोलत नाही. मग तुम्ही न विचारता सगळं सांगते: जत्रेचा दुसरा दिवस होता, बोकड कापायच्या आधीच त्याला नेला, दोनच लेकरं होती, आता तिसरं होणार नाही, होणार नाही ते नाही, पण विचारलं कुठं कुणी.

"हे सगळं आयोगाला कळवायचंय," तुम्ही म्हणता. "सरकारनं चौकशी लावलीय. तुमचं नाव लागेल, यांचं लागेल, मास्तरांचं लागेल."

"आमचं लिहा. गावाचं लिहा, तारीख लिहा. फोटोच्या पाठीवर पक्कं लिहा, पुसणार नाही असं." ती फोटोवर बोट ठेवते, मास्तरांच्या मुठीवर. "ह्यांचं नका लिहू."

"का? त्यांनीच तर धरून..."

"त्यांचा तीन महिन्याचा पगार आडला व्हता. ज्यानं आडवला त्याचं लिहा." ती पुन्हा फोटोत बघते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, फलकापर्यंत. "तो ह्यात कुठंय?"

तो यात नाही. त्या दिवशी शेंद्र्यात तरी तो होता का, हेही तुम्हाला माहीत नाही. तुमच्या कॅमेऱ्यासमोर तो कधी आलाच नाही.

"मास्तरांलाच इचारा मग," ती म्हणते. "बदली झाली त्यांची, करमाडच्या पुढं हायेत. त्यांना ठावं असंल. दोनची एसटी सापडंल, निघा लवकर. अन् ह्या फोटोची एक कापी आमाला पायजे. किती पैशे पडतील?"